डोंगराळ भागातील उन्हाळी पाऊस: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

उन्हाळी पावसाबद्दल डोंगराळ भागातून आलेल्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र देत आहे.

प्रश्न: शेजारच्या शिवारात धो धो पाऊस पडला, आमच्या वावरात थेंबही नाही. मोबाइलवर तर दोन्हीकडे पाऊस दाखवला होता. अंदाज मानायचा की नाही?

मानायचा, पण तो किती मोठ्या भागाचा आहे हे ओळखून. जगभराचा अंदाज देणाऱ्या बऱ्याच संगणकीय प्रणाली जमिनीचे साधारण दहा-दहा किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करतात. डोंगरात एवढ्या चौकोनात दोन डोंगरधारा आणि मधली दरी सहज मावते. गणितात त्या सगळ्यांची मिळून एकच सरासरी उंची धरलेली असते. हवेचे तापमान दर 1000 मीटर उंचीला सरासरी 6.5 अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे तुमचे शेत त्या सरासरीपेक्षा 300 मीटर वर असेल, तर मोबाइलवरच्या तापमानातून सुमारे 2 अंश वजा करून वाचा.

पावसाचे गणित याहून अवघड, कारण तिथे उताराची बाजूही मोजावी लागते. वारा डोंगराला धडकला की वर चढतो, चढताना थंड होतो आणि त्यातल्या बाष्पाचे ढग बनतात. समजा, 30 अंशांची हवा 2000 मीटरचा डोंगर ओलांडते आहे. ढग बनेपर्यंतच्या पहिल्या 1000 मीटरमध्ये ती जवळपास 10 अंशांनी गार होते. पुढच्या 1000 मीटरमध्ये बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून ती 5-6 अंशच उतरते. माथ्यावर ती 14-15 अंशांची असते. पाणी वाऱ्याकडच्या बाजूला सांडून गेले, की पलीकडे उतरताना ती दर 1000 मीटरला 10 अंश तापत जाते आणि तळाशी 34-35 अंशांवर पोहोचते. पर्जन्यछायेतले शेतकरी म्हणतात, ‘ढग दिसतात, पण बरसत नाहीत.’ त्याचे कारण हे आहे. वाऱ्याच्या तोंडावर असलेल्या मेघालयातल्या मौसिनरामला वर्षाला सरासरी 11,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर हिमालयाच्या आडोशाला असलेल्या लेहला जेमतेम 100 मिलिमीटरच्या आसपास.

त्यामुळे स्वतःच्या शेतात पर्जन्यमापक लावा, असा माझा आग्रह आहे. जवळच्या झाडाची किंवा घराची जेवढी उंची, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो ठेवा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर पाणी. आकड्यासोबत पाऊस सुरू झाल्याची वेळ आणि वाऱ्याची दिशाही लिहा. दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्या, की कोणत्या दिशेचा वारा तुमच्या उतारावर पाऊस आणतो ते तुम्हालाच कळू लागेल.

प्रश्न: सकाळी ऊन बघून फवारणी करतो, दुपारी पाऊस येऊन औषध धुऊन जाते. नेमके कधी फवारावे?

सकाळी उन्हाने उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा वर सरकते आणि दुपारपर्यंत माथ्यावर ढग रचले जातात. म्हणून डोंगरातला गडगडाटी पाऊस बहुधा दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान येतो. रात्री वारा उलटतो आणि गार हवा उतारावरून दरीत उतरते, त्यामुळे मोठ्या, खोल दऱ्यांच्या तळाला रात्री किंवा पहाटेही पाऊस पडतो. तुमचे शेत यांपैकी कुठे आहे ते आधी पाहा.

माथ्याजवळच्या आणि मधल्या उतारांवरच्या शेतांसाठी दव सुकल्यावर, साधारण आठ ते दहा ही वेळ चांगली. औषध वाळायला चार-पाच तास मिळतात. त्याआधी, अगदी पहाटे फवारू नका. दरीत गार हवा साचलेली असते आणि बारीक तुषार त्यात तरंगत भलतीकडे जातात.

खरा धोका मात्र पावसाच्या वेळेत आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. सकाळच्या 20 मिलिमीटर पावसानंतर पाने दुपारपर्यंत सुकतात. संध्याकाळी पाचला 5 मिलिमीटर पडला तरी ती रात्रभर ओली राहतात. सफरचंदावरील खपल्या रोगाच्या बुरशीला 17 ते 24 अंशांत सुमारे 9 तास ओले पान पुरते. बटाट्यावरील उशिराच्या करप्यासाठी सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंशांच्या वर आणि रोज 11 तास आर्द्रता 90 टक्क्यांहून अधिक, हा जुना, वापरून पाहिलेला इशारा आहे. म्हणून सलग संध्याकाळच्या सरी सुरू झाल्या, की पाऊस थोडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. संरक्षक बुरशीनाशक पावसाआधी पानावर पोहोचले पाहिजे. फांद्यांची विरळणी करून वारा खेळता ठेवलात, तर पाने लवकर सुकतात आणि फवारण्याही कमी लागतात.

प्रश्न: पहिलाच पाऊस जोराचा झाला. पेरू का?

लगेच नको. तापलेल्या उतारावर तासाभरात पडलेले पाणी मुरण्याआधीच वाहते. चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खणा. ओल तिथवर पोहोचलेली असेल आणि वाफसा आला असेल, तरच पेरा, तेही उताराला आडवे.

प्रश्न: विजा आणि गारांपासून कसे सांभाळावे?

वीज दिसल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. काम सोडून पक्क्या घरात जा, एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नका. वरच्या डोंगरावर काळे ढग असतील आणि ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर आपल्याकडे ऊन असले तरी माणसे आणि जनावरे काठावरून वर हलवा.

उंचावर गारांना वितळायला अंतर कमी मिळते, त्यामुळे तिथल्या फळबागांवर गाररोधक जाळी हाच भरवशाचा उपाय आहे. गारा पडून गेल्यावर फाटलेल्या फांद्या स्वच्छ छाटा, फुटलेली फळे बागेबाहेर न्या आणि पाने सुकताच, शक्यतो दुसऱ्या दिवशीच, जखमांवर संरक्षक बुरशीनाशक फवारा. खताचा हप्ता नवी पालवी दिसल्यावर द्या.