खाकरणं काही केल्या थांबत नाही

प्रश्न : डॉक्टरीणबाई, मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. वय ४२. जूनपासून घशात मागच्या बाजूनं चिकट काहीतरी सतत उतरतंय. सकाळी खाकरून खाकरून जीव नकोसा होतो, पण बेडका निघत नाही. वर्गात दोन वाक्यं बोलले की खाकरावं लागतं. परवा चौथीतलं एक पोर माझी नक्कल करताना दिसलं आणि मला रडूच आलं. छातीचा एक्स-रे चांगला आला. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, हळद-दूध, ज्येष्ठमध, वाफ सगळं झालं. नाक चोंदतं म्हणून मेडिकलमधून थेंब आणले, ते दोन महिने घालतेय. आता त्यांच्याशिवाय झोप लागत नाही. सासूबाई दूध-दही बंद कर म्हणतात. रात्री जेवायला दहा वाजतात. घशाचा मोठा आजार तर नसेल ना?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, त्या पोराचं वाचून मलाही वाईट वाटलं. आधी तुमच्या भीतीचं बोलते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असणं, गिळताना अडकणं किंवा दुखणं, थुंकीत रक्त, एकाच नाकपुडीतून रक्ताळलेला स्राव, मानेत गाठ, वजन उतरणं, यातलं काही असेल तर वाट बघू नका. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, तीही करून घ्या. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मला मोठा आजार वाटत नाही. तरी एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.

तुमचं दुखणं घशात जाणवतंय, पण बहुतेक नाकातून येतंय. नाक आणि सायनसचं अस्तर रोज जवळजवळ एक लिटर पातळ स्राव तयार करतं. बारीक केसांसारखे तंतू तो मागे ढकलतात आणि आपण नकळत गिळतो. तो वाढला किंवा घट्ट झाला की मग घशात लोंबल्यासारखा वाटतो. असा घसा उघडून बघितला तर मागच्या भिंतीवर भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसतात. ते बघून माणसं घाबरतात, पण तो सतत चोळवटलेल्या अस्तराचा फुगवटा असतो.

आता हा स्राव का वाढला? माझं माहेर जांबोटीकडचं, म्हणून तुमच्याकडचा पावसाळा मला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, कपाटामागे बुरशी, माळ्यावर भाताचं पिंजर, आणि चार महिने ऊन न बघितलेल्या वाकळा. बुरशी आणि अंथरुणातले धुळीचे सूक्ष्म किडे ही अ‍ॅलर्जीची मोठी कारणं. सोबत शिंका, नाकाला खाज, डोळ्यांना पाणी असेल तर माझा संशय तिकडेच जातो. पहाटे न्हाणीतली चूल तुम्हीच पेटवत असाल तर तो धूरही यात धरा. उशीची खोळ आणि चादरी आठवड्याला कढत पाण्यात धुवा, ऊन पडलं की वाकळ आधी बाहेर काढा, पलंग ओल्या भिंतीपासून सरकवा. फळा ओल्या फडक्यानं पुसा.

ते थेंब मात्र सोडायचे आहेत. झायलोमेटॅझोलीन किंवा ऑक्सिमेटॅझोलीनचे थेंब तीन ते पाच दिवसांपुरते असतात. पुढे घातले की असर ओसरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि हे चक्र सुटत नाही. आधी एका नाकपुडीत बंद करा, आठवड्यानं दुसरीत. चार-आठ रात्री कठीण जातील, सोसा.

त्याच्या जागी मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. पेलाभर पाण्यात सपाट अर्धा लहान चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. बेसिनवर ओणवून, तोंड उघडं ठेवून, एका नाकपुडीतून सोडलेलं पाणी दुसरीतून येऊ द्या. पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून कोमट केलेलंच हवं. विहीर, नळ, मलप्रभा, कुठलंही कच्चं पाणी नाकात नको. कच्च्या पाण्यातला एक अमिबा नाकातून मेंदूत शिरतो. केरळात २०२४ साली त्यानं मुलं दगावली आहेत.

डॉक्टर बहुधा नाकात मारायचा स्टिरॉईडचा स्प्रे देतील. नावाला घाबरू नका, रक्तात तो फार थोडा जातो. पण तो रोज मारायचा असतो आणि पुरता गुण यायला दोन आठवडे लागतात. बायका चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून ठेवून देतात. मान थोडी खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. जोरात हुंगू नका, नाहीतर औषध घशात उतरतं.

दहाच्या जेवणाचंही बघायला हवं. जेवून लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं, छातीत जळजळ न होताही. सकाळी घसा जड, आवाज घोगरा असेल तर तेही कारण असू शकतं. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा. तुम्ही एकट्याच सगळं आवरता असं पत्रावरून दिसतं. घरातल्यांनी हातभार लावायलाच हवा. दूध-दही सोडायची गरज नाही. दुधानं थुंकी थोडा वेळ दाट लागते, कफ वाढत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यातल्या एनालाप्रिल-रॅमिप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो.

आणि खाकरणं. प्रत्येक वेळी स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, आणि सूज आली की पुन्हा काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. टेबलावर पाण्याची बाटली ठेवा. खाकरावंसं वाटलं की एक घोट घ्या, नाहीतर नुसतं जोरात गिळा.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातवाच्या एकाच नाकपुडीतून आठ दिवस घाण वासाचा शेंबूड येतोय. सर्दी समजून औषध देतोय.
— एक आजोबा, निपाणी

उत्तर : काका, एवढ्या लहान मुलाची एकच नाकपुडी वाहते आणि वास येतो, तेव्हा आत काहीतरी घातलेलं असतं असंच धरून चालायचं. मणी, शेंगदाणा, खडू, फोमचा तुकडा, सगळं मी काढलेलं आहे. पिन, चिमटा, काडी घालू नका, वस्तू आत सरकते. खेळण्यातली चपटी गोल बॅटरी असेल तर काही तासांत नाकाचा पडदा जाळते. आजच न्या.