वाचकांचे प्रश्न : सामायिक सूचना ठेवायची कुठे?

प्रश्न : पाण्याच्या पंपाच्या सहा मॉडेलांची मॅन्युअल आम्ही डिटामध्ये (तांत्रिक मजकूर लहान तुकड्यांत लिहून पुन्हा वापरण्याची एक्सएमएल पद्धत) लिहितो. 'काम सुरू करण्याआधी वीजपुरवठा तोडा' ही धोक्याची सूचना पहिल्या मॉडेलच्या टॉपिकमध्ये (एका विषयाच्या तुकड्यात) लिहिली आणि बाकी पाच ठिकाणी कॉनरेफने (दुसऱ्या फाइलमधला मजकूर पत्ता देऊन जसाच्या तसा आणण्याची सोय) ओढली. कोणीतरी पहिल्या मॉडेलपुरता तिच्यात बदल केला, तो सगळीकडे छापला गेला. त्यापेक्षा कॉपी-पेस्ट बरं नाही का?

उत्तर : नाही. कॉपी-पेस्टमध्ये एक सुधारणा सहा ठिकाणी करावी लागते आणि एखादं ठिकाण हमखास राहून जातं. तुमची अडचण कॉनरेफची नाही, सूचना जिथे ठेवली त्या जागेची आहे. पहिल्या मॉडेलचा टॉपिक उघडणाऱ्याला हा मजकूर आणखी पाच मॅन्युअल वापरतात हे दिसणार कसं?

सामायिक सूचनांची फाइल वेगळी करा. ती स्वतः कधीच छापायची नाही, म्हणून मॅपमध्ये (मॅन्युअलमध्ये कोणते टॉपिक येतात ते सांगणारी फाइल) तिचा प्रोसेसिंग-रोल 'रिसोर्स-ओन्ली' (फक्त संदर्भापुरती) ठेवा आणि तिला एक की, म्हणजे पत्त्याऐवजी वापरायचं नाव, द्या. प्रत्येक सूचनेचा आयडी (तिची ओळखखूण) तिच्या अर्थावरून ठरवा. 'सूचना-3' सारखा आयडी क्रम बदलला की दिशाभूल करतो. मग सहाही ठिकाणी कॉनरेफऐवजी कॉनकीरेफ (तीच सोय, पण पत्त्याच्या जागी की) वापरा : आधी की, तिरकी रेघ, मग आयडी. उद्या फाइल हलवली तरी पत्ता फक्त मॅपमध्ये बदलायचा. शिवाय 50 हर्ट्झ आणि 60 हर्ट्झच्या पंपांसाठी दोन मॅपमधून तीच की दोन वेगळ्या फाइलींना जोडता येते. आयडी मात्र दोन्हींत तेच हवेत. एकाच मॅपमध्ये एक की दोनदा लिहिली गेली, तर पहिली धरली जाते, दुसरी नाही.

ज्या सूचना अजून सहा ठिकाणी वेगवेगळ्या लिहिलेल्या आहेत, त्यांचे सहाही मजकूर बदल करण्याआधी शेजारी ठेवून शब्दशः ताडून पाहा. फरक निघाला तर तो मुद्दाम ठेवलेला आहे की नजरचुकीने झाला, हे त्या यंत्राच्या जाणकाराला विचारा. त्यानंतर एकच मॅन्युअल बदला, पीडीएफ काढा, जुन्याशी पडताळा. ते जुळलं की बाकीची घ्या. दर वेळी बिल्डचा लॉग (पीडीएफ तयार होताना आलेल्या संदेशांची नोंद) वाचा. आयडी सापडला नाही तर लॉगमध्ये एरर पडते, पण पीडीएफ तरीही तयार होऊ शकते, आणि त्यात धोक्याची सूचनाच नसते. यावर कधीही काणाडोळा करू नका.

ओढणारा आणि ओढला जाणारा एलिमेंट (मजकुराचा खूण लावलेला भाग) सहसा एकाच प्रकारचा लागतो. 'स्टेप'च्या (पायरीच्या) जागी यादीतला 'एलआय' (यादीतली एक नोंद) चालत नाही. ओढणाऱ्या 'स्टेप'मध्ये रिकामा 'सीएमडी' (पायरीची कृती सांगणारा एलिमेंट) ठेवावा लागतो, नाहीतर फाइल व्हॅलिड, म्हणजे डिटाच्या नियमांत बसणारी, ठरत नाही.

प्रश्न : मराठी मॅन्युअलमध्ये यंत्राचं नाव कीरेफने (की देऊन शब्द आणण्याची सोय) वाक्यात घातलं तर?

उत्तर : मॉडेल क्रमांक खुशाल घाला. सामान्य नाम नको. 'पंप बसवला' पण 'मोटर बसवली'. 'टाकीमध्ये' पण 'पंपामध्ये'. लिंग आणि सामान्यरूप की सांभाळत नाही. मराठीत पूर्ण वाक्य किंवा पूर्ण पायरी हाच पुनर्वापराचा सर्वांत लहान तुकडा धरा.

प्रश्न : एकाच मॉडेलची एक पायरी वेगळी असेल तर नवा टॉपिक करावा का?

उत्तर : एका पायरीसाठी नको. तिला 'प्रॉडक्ट' अॅट्रिब्यूट (ही पायरी कोणत्या मॉडेलसाठी, ही अट) लावा आणि डिटाव्हॅल फाइलने (काय ठेवायचं, काय गाळायचं ते सांगणारी फाइल) गाळा. निम्म्या पायऱ्यांवर अटी चढू लागल्या की सरळ दोन टॉपिक करा. इतक्या अटींतून वाट काढत तपासणाऱ्याच्या नजरेतून चुका सुटतात.