पुण्यात घरापुढच्या चार बाय सहाच्या वाफ्यात पसरणारे, कमी देखभालीचे गुलाब जमतील का?

जमतील की, फक्त पाच-सहा तास थेट ऊन हवं, ते नसेल तर नादच सोडा. 'द फेअरी' मिळाला तर बघा, 1932 चा इंग्लंडचा जुना वाण आहे, फिक्या गुलाबी बारीक फुलांचे झुबके येतात, वास जवळपास नाही पण झाड चिवट आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून वाफा वीतभर उंच करा, शेणखत घाला, दोन रोपांत दोन फूट ठेवा आणि लगेच पालापाचोळ्याचं आच्छादन टाका, नाहीतर काट्यांत हात घालून तण उपटणं म्हणजे खरंच छळ. पाणी मुळाशीच, सकाळी. छाटणी ऑक्टोबरात, पाऊस गेल्यावर, सरसकट एक तृतीयांश. कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर मात्र लगेच मुळापासून काढा.