मीटरवर ३४ हजार, संगणकात ९१ हजार

प्रश्न : मी नागपुरात दवाखाना चालवतो. चार महिन्यांपूर्वी वर्धा रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या शोरूममधून २०१४ ची बीएमडब्ल्यू एम५ घेतली. गाडी दिल्ली पासिंगची, एका खासगी कंपनीच्या नावावर. जाहिरातीत 'फक्त ३४,००० किमी, कंपनी मेंटेन्ड' असे लिहिले होते. ३६ लाख ५० हजारांत सौदा झाला. ३२ लाख बँकेतून दिले, साडेचार लाख रोख. मिळाली ती 'डिलिव्हरी नोट', ३२ लाखांची, खाली 'गाडी जशी आहे तशी स्वीकारली' हे वाक्य आणि माझी सही. आरसी अजून दिल्लीच्याच नावावर आहे. ऑनलाइन पाहिले तर बँकेचा बोजाही दिसतो. गेल्या आठवड्यात सकाळी गाडी सुरू करताना इंजिनातून ठोके ऐकू आले. वर्कशॉपने स्कॅन केला तेव्हा जुन्या नोंदींत ९१,४०० किमीचा आकडा निघाला. इंजिनची बेअरिंग गेली असावीत, खोलून बघावे लागेल, असे ते म्हणतात. शोरूमवाला म्हणतो, 'भाऊ, आम्ही फक्त मधले. दिल्लीवाल्याशी बोला.' मी काय करू?

उत्तर : सर्वात आधी वर्कशॉपला फोन करून तीन गोष्टी थांबवा. इंजिन खोलायचे नाही, फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी) पुसायचे नाहीत, सॉफ्टवेअर अपडेट करायचे नाही. आपली केस या घडीला त्या गाडीच्या आतच आहे. मीटर मागे करणारे बहुधा डॅशबोर्डवरचा आकडा बदलतात. किलोमीटरची नोंद मात्र गाडीतल्या इतर कंट्रोल युनिटमध्येही असते आणि प्रत्येक फॉल्ट कोडला तो कोणत्या किलोमीटरला आला याचा आकडा चिकटलेला असतो. सद्भावनेने कोड 'क्लिअर' करणारा मेकॅनिक आपला सर्वात भक्कम पुरावा एका बटणात घालवू शकतो. स्कॅनचा पूर्ण रिपोर्ट तारीख, चासी नंबर, वर्कशॉपचा शिक्का आणि तंत्रज्ञाच्या सहीसह घ्या. चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे असलेला जुना सर्व्हिस इतिहास मिळतो का, हेही लेखी विचारा.

ठोक्यांबद्दल. या गाडीत ४.४ लिटरचे, दोन टर्बोचे व्ही८ इंजिन आहे, सुमारे ५६० अश्वशक्तीचे. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची झीज ही या इंजिनाची जाणकारांना ठाऊक असलेली तक्रार आहे. थंड इंजिनावर ऐकू येणारा आवाज त्याकडेच बोट दाखवतो, पण बोट दाखवणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. गाडी पुन्हा सुरू न करता ऑइल फिल्टर काढून त्याच्या कागदाच्या घड्या उघडून बघायला सांगा. बेअरिंग झिजले असेल तर त्यात तांबूस चमकीचा कीस दिसतो. फिल्टर आणि ऑइलचा नमुना दोन स्वच्छ बाटल्यांत सील करा, वर सही-तारीख घाला, फोटो काढा. हे काम शोरूमला सात दिवस आधी लेखी कळवून, 'आपला माणूस पाठवा' असे निमंत्रण देऊन करा. तो आला नाही तरी पुढे 'आमच्या मागे खोलले' म्हणता येणार नाही. खरे बेअरिंग बाहेर काढणे ही पुढची पायरी आहे आणि ती ग्राहक आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञासमोरच व्हावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ मध्ये दोष तपासणीसाठी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची सोय आहे. तज्ज्ञाचा कागद नसलेल्या गाडीच्या तक्रारी आयोगात फार वेळ उभ्या राहत नाहीत.

आता मुख्य निर्णय, आणि तो आपल्यालाच घ्यायचा आहे : गाडी परत करून पैसे मागायचे, की गाडी ठेवून नुकसानभरपाई? दोन्ही डगरींवर हात ठेवला तर दोन्ही निसटतात. वस्तू विक्री कायदा १९३० च्या कलम ४२ नुसार माल नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, किंवा मालक असल्यासारखे त्याबाबत वागलात, तर माल स्वीकारला असे धरले जाते. मग कलम १३ प्रमाणे परतीचा रस्ता बंद होऊन फक्त भरपाई उरते. म्हणूनच आरसी आपल्या नावावर करायच्या मागे आत्ता लागू नका. दिल्लीची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणून, महाराष्ट्राचा कर भरून, गाडीला नागपूरची नंबर प्लेट लावली आणि मग 'मला गाडी नको' म्हणालात, तर समोरचा वकील आनंदाने तोच कागद पुढे करील.

माझे मत विचाराल तर परत करा. बोजा न उतरलेली, ९१ हजार चाललेली आणि इंजिन संशयास्पद असलेली व्ही८ गाडी ठेवून घेण्यात शहाणपण नाही. बेअरिंगपुरते भागले तरी खर्च लाखांत जातो. क्रँकशाफ्टला चरे पडले असतील तर तो कुठे थांबेल हे आज कोणी सांगू शकत नाही.

तेव्हा या आठवड्यातच नकाराची नोटीस जाऊ द्या. त्यात तीन वाक्ये स्पष्ट हवीत : किलोमीटरबाबत फसवणूक झाली हे अमुक तारखेला कळले, त्या तारखेपासून मी गाडी नाकारली आहे आणि वापरत नाही, गाडी अमुक ठिकाणी उभी असून १५ दिवसांत रक्कम परत करून घेऊन जावी. कलम ४३ प्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर, नाकारलेली गाडी शोरूमवर पोचवणे आपले काम नाही, नकार कळवणे पुरेसे आहे. चार महिने उलटले याची धास्ती नको. लबाडी कळल्याबरोबर आपण बोललात, हे महत्त्वाचे. नोटीस स्पीड पोस्टाने पोहोच घेऊन पाठवा, सोबत ईमेल आणि व्हॉट्सॲप.

नोटीस दोघांना : शोरूम आणि दिल्लीची कंपनी. कंपनीला का? मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे आरसीवर ज्याचे नाव तो मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितले की गाडी कितीही हात पुढे गेली असली तरी अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. नागपुरात या गाडीने कोणाला उडवले तर समन्स दिल्लीला जाईल. हे नोटिशीत एका वाक्यात लिहा. 'आम्ही कधीच विकली' म्हणून हात झटकणाऱ्या कंपन्या त्या वाक्यानंतर सहसा फोन उचलतात.

याच कारणाने गाडी रस्त्यावर काढू नका. पॉलिसी दिल्लीच्या नावावर आहे. कलम १५७ प्रमाणे पॉलिसी आपोआप हस्तांतरित झाल्याचे मानले जाते ते फक्त तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीपुरते. गाडीचे स्वतःचे नुकसान त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या कॉम्प्लीट इन्शुलेशन्स निकालापासून पक्के आहे. उद्या झाड पडले तरी पैसे अडकतील.

'आम्ही फक्त मधले' या बचावावर शोरूमची सगळी भिस्त असेल. डिलिव्हरी नोट देण्यामागे हाच हिशेब असतो. टॅक्स इन्व्हॉइस दिले की तो विक्रेता ठरतो आणि नफ्याच्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. पण कागदाचे नाव बदलून व्यवहार बदलत नाही. जाहिरात कोणाची, किंमत कोणी ठरवली, ३२ लाख कोणाच्या खात्यात गेले, चाव्या कोणी दिल्या? सगळ्याचे उत्तर शोरूम असेल तर विक्रेता शोरूमच. आणखी एक हत्यार आहे. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये द्यायची असते आणि त्यानंतर व्यापारीच मानीव मालक ठरतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक धरतो. नोटिशीत अधिकारपत्राचा क्रमांक आणि २९-सी ची प्रत मागा. असेल तर 'मधले' हा बचाव संपला. नसेल तर आरटीओकडे तक्रारीला जागा झाली. आणि समजा तो खरोखर दलालच निघाला, तरी मोबदला घेऊन दिलेली सेवा सदोष होती या मुद्द्यावर तो आयोगापुढे येतोच.

'जशी आहे तशी' या ओळीवर सही केल्याने आपण घाबरलेले दिसता. त्या ओळीने डेंट, टायर, घासलेली सीट यांची तक्रार बुडू शकते. मीटर मागे फिरवणे त्यात बसत नाही. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये सक्रिय लपवालपवी ही फसवणूकच आहे. कलम १९ मध्ये 'साधी खबरदारी घेतली असती तर खरे कळले असते' असा एक अपवाद आहे, आणि शोरूम तो नक्की मांडेल, कारण आपण घेण्याआधी स्कॅन केला नाही. पण तो अपवाद चुकीची माहिती देणे आणि गप्प राहणे यांना आहे, मुद्दाम आकडा बदलण्याला नाही. मीटर दिल्लीत फिरला की नागपुरात, हेही ग्राहक आयोगात फारसे आड येत नाही, कारण '३४,००० किमी' हे वर्णन करून विकणारा शोरूम होता आणि वस्तू विक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माल वर्णनाबरहुकूम हवा.

बोज्याच्या बाबतीत मात्र आपली बाजू थोडी लंगडी आहे. माल बोज्यापासून मुक्त असल्याची हमी कायदा गृहीत धरतो, पण बोजा परिवहन खात्याच्या साइटवर उघड दिसत होता. तरीही 'एनओसी येते, दोन आठवड्यांत काम होईल' असे मेसेज असतील तर ते जपा. कर्ज थकले असेल तर बँक गाडी आपल्या दारातूनही उचलू शकते, म्हणून बँकेलाही एक साधे पत्र लिहून बाकी किती आहे हे विचारा.

रोखीचे साडेचार लाख. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि दंड स्वीकारणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही. त्यामुळे लपवू नका. मात्र त्या दिवशीची बँकेतून काढल्याची नोंद आणि रकमेचा उल्लेख असलेले मेसेज हवेत. तेवढे नसेल आणि पैशाचा स्रोत सांगता येत नसेल, तर तक्रार ३२ लाखांची करा.

१५ दिवसांत उत्तर नाही आले तर नागपूर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असला की तक्रार जिल्हा आयोगातच, मग भरपाई धरून एकूण मागणी कितीही होवो. २० ते ५० लाखांच्या टप्प्यात फी १,००० रुपये, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि आपण जिथे राहता तिथे दाखल करता येते. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येईल. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि चॅट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र द्या. त्याचे आता दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) नमूद करायचे. एक अर्ज लगेच द्या : दिल्लीच्या विमा कंपनीकडून जुन्या दाव्यांचे सर्व्हे रिपोर्ट मागवावेत. सर्व्हेअर मीटरचा आकडा लिहून ठेवतो. ८५ हजारांची एखादी नोंद निघाली तर पुढे वाद उरत नाही. गाडी दवाखान्याच्या नावावर घेतली असती तरी फार बिघडले नसते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने संचालकासाठी घेतलेल्या मर्सिडीजच्या प्रकरणात 'व्यावसायिक हेतूने घेतली, म्हणून ग्राहक नाही' हा आक्षेप फेटाळला आहे.

शोरूम नागपूरच्या उन्हाळ्याचेही नाव घेईल. दोन्ही टर्बो इंजिनाच्या मधल्या खाचेत असल्याने तिथे उष्णता खूप साठते, हे खरे. पण ४५ अंशांनी मीटर मागे जात नाही.

पोलीस तक्रार? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तिथे शोरूमला हे माहीत होते, हे दाखवावे लागते. सर्व्हिस इतिहास हाती आल्यावर जा. आत्ता गेलात तर 'दिवाणी बाब' असा शेरा मिळेल आणि तोच शेरा शोरूम आयोगात फिरवील.

तडजोडीचा फोन बहुधा नोटिशीनंतर येईल, आणि सोबत 'इंजिन आम्ही करून देतो, परतीचे सोडा' असा प्रस्ताव. जुन्या इंजिनात कुठले बेअरिंग घातले हे आपल्याला कळणार नाही, म्हणून नको. पुढच्या तारखेचे चेकही नकोत. चेक न वटल्यास ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवसांची वाट आणि मग वेगळा खटला, म्हणजे नवे दुखणे. पूर्ण रक्कम आरटीजीएसने खात्यात दिसली की दोन्ही चाव्या, आरसी आणि गाडी द्या. पावतीवर तारीख, वेळ, मीटरचा आकडा आणि 'आजपासून गाडीची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची' हे लिहून सही घ्या. आपण सही केलेले नमुना २९ आणि ३० चे (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे) कोरे कागद शोरूमकडे असतील तर तेही त्याच टेबलावर परत मागा.