पर्यावरण घेऊन पोरगी पुढं करणार काय?

"मॅडम, झाडं लावायला डिग्री कशाला लागतीया?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. सकाळच्या एसटीनं इचलकरंजीहून तिघं कोल्हापूरला माझ्याकडे, मुलीनं पुढं काय शिकावं याचा सल्ला घ्यायला, आले होते. वडील एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, पाळीवर काम करणारे. आई घरी शिवणकाम करते. मुलीला इथे मी मुक्ता म्हणते. नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. बारावी विज्ञान, सीईटीत फार्मसी मिळेल इतके गुण. वडिलांनी फार्मसीचा अर्ज भरायचं नक्की केलं होतं आणि मुक्ता बीएस्सी पर्यावरणशास्त्रावर अडून बसली होती. घरात चार दिवस अबोला होता, तो माझ्या खोलीतही त्यांच्यासोबत आला.

वडिलांच्या प्रश्नाचा मला राग आला नाही. आपल्याकडे शाळेपासून प्रत्येकानं 'पर्यावरण' शिकलेलं असतं. 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्देश दिले आणि पुढे हा विषय शाळा-कॉलेजांत सर्वांना सक्तीचा झाला. हेतू चांगला होता. पण बहुतेकांच्या आठवणीत त्यातली चित्रं चिकटवलेली प्रकल्पवही तेवढी राहिली. त्या वहीवरून या पदवीची पारख केली की ती पोरखेळच वाटणार. प्रत्यक्षात या पदवीत रसायनशास्त्र, परिसंस्था, माती, हवा, भूगर्भ, सूक्ष्मजीव, आकडेशास्त्र आणि कायदा असं सगळं थोडं थोडं येतं. हे 'थोडं थोडं'च पुढे अडचणीचं होतं, त्याकडे येतेच.

आधी मी मुक्ताला विचारलं, हे डोक्यात कुठून आलं? बहुतेक मुलं इथे 'निसर्गाची आवड' असं सांगतात. तिनं मावशीचं नाव काढलं. मावशी शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात राहते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवतात, त्यातली ती एक. सुट्टीत मुक्तानं तिचं किट पाहिलं होतं. त्यात एक लहान बाटली असते. नमुना भरून ठेवायचा, पाण्यात मैल्याचे जिवाणू असतील तर ते काळं पडतं. "नळाचंच पाणी होतं, मॅडम. दुसऱ्या दिवशी शाईसारखं काळं झालेलं. मावशीनं वहीत लिहिलं आणि ग्रामपंचायतीत सांगून आली. पण मला कळेना, ते आलं कुठनं? टाकीतनं, पायपातनं का नदीतनं?"

आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. 2012 च्या काविळीच्या साथीत त्यांच्या घरात दोघं आजारी पडले होते. तेव्हापासून पाणी उकळल्याशिवाय त्या कुणाला पिऊ देत नाहीत.

'आलं कुठनं' हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. आवड सगळ्यांनाच असते, पण तीन-चार वर्षं चिकाटीनं बसवून ठेवतो तो असा एखादा नेमका प्रश्न.

तरी वडिलांचा चेहरा सैल होईना. मायलेकींना चहाला पाठवून मी त्यांच्याशी एकटीनं बोलले. नोकरीची काळजी होतीच, पण तिच्याखाली वेगळंच काही होतं. पंचगंगा नदीला फेस आला, केंदाळ म्हणजे जलपर्णी साचली, मासे मेले की बातम्या येतात. मग प्रदूषण नियंत्रण बोर्डाची माणसं कारखान्यात येतात, नोटीस लागते. "काम बंद झालं की मालकाचं काय जात न्हाई, आमचा रोज जातो. आणि माझीच पोरगी उद्या तिकडनं येणार? आमच्याच पोटावर पाय द्यायला?" बोलताना त्यांचा आवाज कापत होता. घरी हे त्यांना बोलता आलं नव्हतं, म्हणून ते झाडांवर घसरत होते.

मी त्यांना समजावत बसले नाही. ज्या कामावर घर चाललं, त्याच कामाकडे मुलगी बोट दाखवेल ही भीती खरी आहे. मी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, ईटीपी, आहे ना? तो कोण बघतं?"

"एक केमिस्ट पोरगा हाय. त्यानं हो म्हटल्याबिगर व्हॉल्व्ह सोडत न्हाईत."

"मग तो काय शिकलाय, कुठे शिकलाय, रोज काय करतो, एवढं विचारून या."

आठवड्यानं ते एकटेच आले. हाफ डे टाकून. केमिस्टनं त्यांना जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा दाखवली होती. सीओडी आणि बीओडी ही पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते त्याची मापं. सीओडी 250 च्या खाली हवा, बीओडी 30 च्या खाली, लिटरला मिलिग्रॅममध्ये, तरच पाणी नदी-नाल्यात सोडता येतं, हे त्यांनी मला एका दमात सांगितलं. बीओडीची बाटली 27 अंशांना तीन दिवस ठेवावी लागते, हेही. इतकी वर्षं त्या इमारतीत काम करून तो दरवाजा त्यांनी उघडला नव्हता. आणि कारखाना नीट चालावा म्हणूनच तिथे कुणीतरी शिकलेलं बसलेलं असतं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मात्र तो मुलगा पर्यावरणशास्त्राचा नव्हता. रसायनशास्त्राचा एमएस्सी होता.

मला हे लपवायचं नव्हतं. पुढच्या भेटीत तिघांना समोर बसवून मी सुरुवातच तिथून केली. या पदवीची ताकद आणि कमजोरी एकच आहे: पसारा. नदीचा प्रश्न सगळ्या बाजूंनी पाहायला ती शिकवते. पण नोकरी देणारा विचारतो, तुझ्या हातात काय येतं? म्हणून सोबत एक विषय खोलवर हवा. मुक्तासाठी मी रसायनशास्त्र सुचवलं. याला आणखी एक कारण आहे, जे फार उशिरा मुलांच्या लक्षात येतं. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. त्या यादीत 'पर्यावरणशास्त्र' हा शब्दच नाही. पदवी झाल्यावर हे कळलेली मुलं माझ्यासमोर बसून रडलेली आहेत.

दुसरं, ही पदवी म्हणजे अभियांत्रिकी नव्हे. सांडपाणी प्रकल्पाचा आराखडा करायला, सरकारी मंडळातल्या काही पदांना इंजिनिअरच लागतो. ज्या जागेची स्वप्नं पाहता, तिची जुनी जाहिरात काढून शैक्षणिक अर्हतेचा रकाना आधी वाचा. तिसरं, नुसत्या बीएस्सीवर थांबायचं असेल तर दारं थोडी आहेत आणि सुरुवातीचा पगार बेताचा. एमएस्सीपर्यंतची तयारी हवी. त्यानंतर प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची नेट परीक्षा आहे, गेट या प्रवेश परीक्षेत 2021 पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे, नागपूरच्या नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थांत संशोधन आहे. मोठ्या प्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण परवानगी लागते, त्याचे अहवाल करणाऱ्या संस्था आहेत. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं 2022-23 पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार शेअर बाजारातल्या कंपन्यांना शाश्वततेचा, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबाबतच्या जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केल्यापासून तिथेही माणसं लागतात. 

वडिलांनी खिशातून डायरी काढून 'केमिस्ट्री' एवढा एक शब्द लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

प्रवेशाला अजून वेळ होता. मी मुक्ताला पंधरा दिवस ओळखीच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत बसायला पाठवलं. काम काय, तर बाटल्या धुणं, चिठ्ठ्या लावणं, वहीत वेळ लिहिणं. या क्षेत्राचा मोठा भाग असाच कंटाळवाणा आहे, आणि तो सोसतो का हे अर्ज भरण्याआधी कळलेलं बरं. ती परत आली तेव्हा बोटांवर शाईचे डाग होते आणि तक्रार एकच: नमुने उशिरा आणून देतात, मग आकड्याला काय अर्थ?

तिनं प्रवेश घेतला, पर्यावरणशास्त्र मुख्य आणि रसायनशास्त्र जोडीला. फार्मसीचा अर्ज वडिलांनी तरीही भरून ठेवला होता. मी त्यांना अडवलं नाही. यादीत नाव लागलं, तेव्हा त्यांनी ती जागा स्वतःहून सोडली.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. मागे यंत्रांचा आवाज, बहुतेक पाळी चालू होती. "मॅडम, ते जीआयएस का काय, त्याचा क्लास लावायचा म्हणतीया. फी लई हाय. भरू काय?"

मी म्हटलं, आधी पुढच्या सत्रात कॉलेजात शिकवणार आहेत का ते बघू द्या. जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशात माहिती मांडणं. तोवर त्यासाठी क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. पंचगंगेचा नकाशा घेऊन त्यावर मावशीच्या गावच्या विहिरी, टाकी आणि पाइपलाइन मांडून बघ म्हणावं तिला.

"फुकट हाय? मग आजच सांगतो," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आमचा कारखाना पण दिसंल का त्यात?"

दिसेल, मी म्हटलं.