व्ह्यूज भरपूर आहेत पण ऑफर एकही नाही, तर घराची किंमत उतरवावी का?

घर विकायला काढून दोन महिने झाले, जाहिरात रोज कितीतरी जण बघतात, तरी ऑफर नाही. बाजार मंद म्हणून थांबावं की किंमत उतरवावी, असं तुम्ही विचारलंय. मी रीसेल घरांचंच काम करतो. आधी व्ह्यूजचा आकडा बघणं सोडा. मंदीत बघे वाढतात. शेजारी बघतात, स्वतःचं घर विकायला काढलेलेही भावाचा अंदाज घ्यायला बघतात.

त्यापेक्षा दर आठवड्याला वहीत लिहा: फोन किती आले, प्रत्यक्ष बघायला किती आले, त्यातले दुसऱ्यांदा किती आले, किमतीचं बोलणं किती जणांनी काढलं. व्ह्यूज आहेत पण फोन नाहीत, तर अडचण फोटोंची किंवा किमतीची. लोक साइटवर बजेटची मर्यादा टाकून शोधतात. तुमची किंमत एखाद्या गोल आकड्याच्या जराशी वर असेल, तर त्या मर्यादेतल्यांना तुमचं घर दिसतच नाही. फोन येतात पण कुणी फिरकत नाही, तर फोनवर कळणारं काहीतरी आडवं येतंय, मजला, पार्किंग, ताबा कधी मिळणार वगैरे. ते जाहिरातीतच लिहून टाका.

सगळ्यात जास्त वजन मी दुसऱ्या भेटीला देतो. पहिल्या भेटीत "छान आहे हो" सगळेच म्हणतात. दुसऱ्यांदा येणारा घरच्यांना घेऊन येतो, नळ सोडून पाण्याचा जोर बघतो, खिडकी लावून रस्त्याचा आवाज किती येतो ते ऐकतो, कपाट मावेल का म्हणून टेपने भिंत मोजतो. कर्जासाठी कागदपत्रांच्या प्रती मागितल्या, तर त्याला अजिबात सोडू नका. आणि जे परत आले नाहीत त्यांना "आमचं का नाही आवडलं?" असं विचारू नका, लोक गुळमुळीत बोलतात. "मग कुठलं पसंत पडलं?" असं विचारा. तुमची स्पर्धा नक्की कोणाशी आहे ते कळेल.

आता मंदीचं. तुमच्यासारखी किती घरं विक्रीला आहेत आणि महिन्याला किती जातात, याचा भागाकार करा. उत्तर साधारण ६ महिने आलं तर बाजार समतोल मानतात. १२ आलं, तर फोन कमी येणारच. पण तशी घरं जात असतील आणि तुमचंच राहत असेल, तर किंमत जास्त आहे. ते घर तुम्ही कितीला घेतलं होतं याच्याशी ग्राहकाला देणंघेणं नसतं. जेनेसोव आणि मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या फ्लॅटविक्रीवर संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात हेच दिसलं: तोट्यात विकावं लागणारे मालक किंमत चढी लावतात आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहतात.

उतरवायची तर एकदाच, जाणवेल इतकी उतरवा. थोडी थोडी कमी केली की ग्राहक पुढच्या कपातीची वाट बघत बसतो. दोनदा येऊन गेलेल्यांना नवी किंमत स्वतः फोन करून सांगा, ते जाहिरात पुन्हा उघडतीलच असं नाही.