प्रागला अर्धा दिवस? नको ओ सर!

प्रश्न : नमस्कार. मी रिटायर्ड शिक्षक, जुळे सोलापूरला राहतो. आम्हा दोघांना मे महिन्यात चेक रिपब्लिकमधलं प्राग बघायचंय, पैसे मुलीने दिलेत आणि ती म्हणते टूरबिर नको, दोघंच जावा. पण एक टूरवाले ९ दिवसांत ५ देश दाखवतो म्हणतायत, त्यात प्राग अर्धा दिवस. मिसेसचे गुडघे दुखतात. स्वतः गेलो तर व्हिएन्ना पण उरकता येईल का? आणि आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी.

उत्तर : सर, मुलीचं ऐका. अर्धा दिवस म्हणजे काय होतं सांगू का, बस लांब कुठेतरी थांबते, गाईड छत्री वर धरून पुढे पळतो, आपण मागे, घड्याळासमोर फोटो, पुलावर फोटो, मग सगळ्यांना बाथरूम शोधायचं असतं त्यात पाऊण तास, की परत बस. मी पण आधी अशीच एक ट्रिप केलीय, घरी येऊन फोटो बघताना यातलं कुठलं गाव कुठलं हेच सांगता येईना.

तुम्ही सरळ पाच रात्री प्रागलाच राहा. व्हिएन्ना ट्रेनने चार तास, म्हणजे जाऊन येऊन आठ, एका दिवसात ते करणं म्हणजे सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन फक्त शनिवारवाड्याचा दरवाजा बघून परत येण्यासारखं आहे. एखादा दिवस बाहेर काढायचाच असेल तर कुटना होरा नावाचं गाव तासाभरावर आहे, चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेलं. तिथे एक चॅपल (छोटं चर्च) आहे ज्यात सजावट, झुंबरसुद्धा, माणसांच्या हाडांचं आहे, चाळीस हजारांहून जास्त माणसांची हाडं म्हणतात. मिसेसना आधी विचारून घ्या, सगळ्यांना ते झेपत नाही.

आता गुडघे. प्राग कॅसल टेकडीवर आहे आणि सगळे लोक खालून पायऱ्या चढत जातात, तुम्ही अजिबात चढू नका. २२ नंबरची ट्राम पकडायची आणि प्राझ्स्की ह्राद स्टॉपला उतरायचं, तिथून जवळजवळ सपाटच आहे. येताना पण ट्रामनेच या, उतरताना पायऱ्या गुडघ्याला जास्त त्रास देतात हे तुम्हाला मी काय सांगायचं. आतल्या चौकात फिरायला तिकीट नाही, इमारतींना आहे. सेंट व्हिटस कॅथेड्रल मात्र सोडू नका, १३४४ ला काम सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ ला, म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्य आलं, गेलं, आदिलशाही, मराठे, पेशवे सगळे येऊन गेले, इंग्रज आले तरी यांचं बांधकाम चालूच. (आपल्या रस्त्यांच्या कामाबद्दल मी काही बोलत नाही.) आत काचेच्या खिडक्यांमध्ये एक चेक चित्रकार अल्फोन्स मुखाची आहे, ती निवांत बसून बघा, बाकं आहेत.

चार्ल्स ब्रिज पहाटे बघायचा. मेमध्ये तिकडे पाच-साडेपाचला सूर्य उगवतो आणि तुम्ही जेट लॅगमुळे जागेच असणार, मग त्याचा फायदा घ्या. १३५७ ला पाया घातलेला पूल, पाचशे मीटरच्या वर लांब, दोन्ही बाजूंना मिळून ३० पुतळे, आणि त्या वेळी तुम्ही दोघं, चार फोटोग्राफर आणि खाली व्ल्तावा नदी. दहानंतर हाच पूल म्हणजे गड्ड्याची जत्रा.

ओल्ड टाऊन चौकातलं घड्याळ १४१० चं आहे. दर तासाला खिडक्यांतून येशूच्या बारा शिष्यांचे पुतळे फिरतात आणि एक सांगाडा घंटा वाजवतो, पण तो खेळ एका मिनिटात संपतो, त्यासाठी अर्धा तास उभं राहू नका. घड्याळाच्या दोन तबकड्यांपैकी वरच्या तबकडीकडे नीट बघा, सूर्य-चंद्र कुठल्या राशीत आहेत ते दाखवते, आपल्या पंचांगवाल्यांना आवडेल असं. कारागिराने दुसरं घड्याळ करू नये म्हणून त्याचे डोळे काढले अशी गोष्ट गाईड सांगतात, ती ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्यासारखीच, ऐकायची आणि सोडून द्यायची.

जेवणाचं म्हणाल तर उपाशी राहणार नाही पण विचारून खा. "बेझ मासा" म्हणजे मांसाशिवाय, आपल्याला मासा म्हटल्यासारखं वाटतं पण घाबरू नका. तळलेलं चीज आणि बटाट्याचं सूप सगळीकडे मिळतं, सूप मात्र मटणाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या. सगळे हातात घेऊन फिरतात तो गोल गोल भाजलेला त्रदेल्निक तिथला फार जुना पदार्थ म्हणून विकतात, तसं काही नाही, पण गोड आवडत असेल तर एक दोघांत घ्या.

आणि शूज! सगळीकडे दगडी फरशा आहेत, मिसेसना नवीन सँडल घेऊन देऊ नका, जुने पायात बसलेले शूजच बरे.

प्रश्न : युरो नेले की चालतं ना? आणि शेंगाचटणी, कडक भाकरी, तुपातले पेढे नेता येतात का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : ताई, तिथे युरो नाही, चेक कोरुना चालतं. चौकातल्या एक्सचेंजवाल्याच्या शून्य कमिशनच्या पाटीला भुलू नका, कमिशन नसतं पण रेटच मारलेला असतो. फसलात तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जा, हजार युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करून घ्यायचा हक्क तिथल्या कायद्यात आहे. एटीएम किंवा कार्ड मशीनने रुपयात कापू का विचारलं तर नाही म्हणा, कोरुनातच.

चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, चटणीला डबल पिशवी करा नाहीतर तेल साड्यांवर. पेढे, तूप, खवा, पनीर नाही, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे. आंबे पण नाहीत.

प्रश्न : शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) कधी करायचा?

उत्तर : प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, लवकर करा, उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट पटापट संपतात. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे तुम्हाला चेक रिपब्लिक. फी मोठ्या माणसाला ९० युरो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, आणि परत येण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू पाहिजे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, सोलापुरात सेंटर नाही, तेव्हा त्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवा.